एचआयव्ही कलंकनिवारण व स्वयंचाचणीतील युवकांचा सहभाग

एचआयव्ही कलंकनिवारण व स्वयंचाचणीतील युवकांचा सहभाग म्हणजे एचआयव्हीबाधित व्यक्तींविषयीची भीती, तिरस्कार व बहिष्काराची वृत्ती कमी करण्यासाठी आणि लोकांनी स्वतःहून एचआयव्ही चाचणी करावी यासाठी तरुणांनी समवयस्कांमध्ये व समाजात केलेले कार्य होय. महाराष्ट्रात हे कार्य महाविद्यालयांतील रेड रिबन क्लब, राष्ट्रीय सेवा योजना आणि बाधित मुलांचे संगोपन करणाऱ्या संस्था यांच्यामार्फत चालते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात अशी संस्था आणि मोठी विद्यार्थिसंख्या या दोन्ही गोष्टी आहेत.

पार्श्वभूमी

भारतात एचआयव्ही संसर्गाचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकारी सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून झाले. सॉलोमन यांचे माहेर चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबातील होते. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) अस्तित्वात आली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (नारी) स्थापन झाली. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. नियमित उपचार घेणारी व्यक्ती दीर्घ व कार्यक्षम आयुष्य जगू शकते. तिच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके कमी झाले व तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. उपचार उपलब्ध झाले तरी समाजाच्या मनातील भीती त्या प्रमाणात ओसरली नाही.

कलंकाचे स्वरूप

एचआयव्हीविषयक कलंक तीन पातळ्यांवर दिसतो. कुटुंब, शेजार व शाळा यांतून होणारा बहिष्कार हा सामाजिक कलंक होय. रुग्णालय किंवा नोकरीच्या ठिकाणी मिळणारी वेगळी वागणूक हा संस्थात्मक कलंक होय. बाधित व्यक्तीने स्वतःला दोषी मानणे याला आत्मकलंक म्हणतात. चाचणी केंद्राच्या दारात कोणी ओळखीचे पाहील या धास्तीने अनेक जण चाचणी टाळतात. त्यामुळे निदान लांबते, उपचार उशिरा सुरू होतात आणि नकळत संसर्ग पुढे जात राहतो. लहान गावात, जिथे रुग्णालयातील कर्मचारीही परिचयाचे असतात, ही धास्ती अधिक असते.

मुळशी तालुका

पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्यालय आहे. हिंजवडी येथील माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि लवळे येथील सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठ व फ्लेम विद्यापीठ यांमुळे देशभरातील तरुण या तालुक्यात शिक्षण व नोकरीसाठी राहतात. घरापासून दूर राहणाऱ्या या वयोगटाला गोपनीय माहितीची व चाचणीची गरज असते.

याच तालुक्यातील भूगाव येथे ‘मानव्य’ ही संस्था एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ करते. विजया लवाटे यांनी १९९७ मध्ये तिची स्थापना केली. मोफत एआरटीच्या आधीच्या त्या काळात अशा मुलांना आसरा मिळणे कठीण होते. उपचारांमुळे संसर्गासह जन्मलेली मुले आता तारुण्यात पोहोचतात. त्यांच्यापुढे शिक्षण, नोकरी, विवाह आणि आपली स्थिती कोणाला सांगावी हे प्रश्न उभे राहतात.

युवकांचे उपक्रम

रेड रिबन क्लब पथनाट्य, प्रभातफेरी, प्रश्नमंजुषा व भित्तिपत्रक स्पर्धा घेतात. १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आणि १२ ऑगस्टचा आंतरराष्ट्रीय युवा दिन हे त्यांचे प्रमुख प्रसंग असतात. समवयस्क शिक्षक पद्धतीत प्रशिक्षित विद्यार्थी आपल्याच वयाच्या मुलामुलींशी संवाद साधतात. प्रौढांसमोर विचारता न येणारे प्रश्न तेथे विचारले जातात.

बाधित तरुण स्वतः समाजापुढे येतात, तेव्हा परिणाम अधिक होतो. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी उभारलेल्या ‘सेवालय’ या संस्थेतील मुलांना आरंभी गावाचा विरोध सहन करावा लागला. पुढे तेथील मुलांनी गाण्याचे जाहीर कार्यक्रम सादर केले. नायजेरियात तरुणांनीच स्वयंचाचणीच्या प्रसाराच्या कल्पना खुल्या स्पर्धांतून सुचवल्या व राबवल्या.

स्वयंचाचणी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये एचआयव्ही स्वयंचाचणीची शिफारस केली. व्यक्ती हिरड्यांवरून फिरवलेल्या पट्टीद्वारे किंवा बोटातील रक्ताच्या थेंबाद्वारे स्वतः चाचणी करते. निकाल साधारण १५ ते २० मिनिटांत कळतो. चाचणी प्रतिपिंडे शोधते, त्यामुळे तोंडातील नमुना वापरला जातो म्हणून लाळेतून एचआयव्ही पसरतो असा अर्थ होत नाही.

स्वयंचाचणी हे अंतिम निदान नाही. निकाल सकारात्मक आल्यास आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, पुन्हा तपासणी आवश्यक असते. ही केंद्रे मोफत व गोपनीय सेवा देतात. संसर्गाची शक्यता नुकतीच निर्माण झाली असल्यास ‘विंडो पिरियड’मुळे निकाल नकारात्मक येऊ शकतो, म्हणून ३ महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात. एआरटी घेणाऱ्यांसाठी ही चाचणी योग्य नाही. माहितीसाठी १०९७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

कायदेशीर तरतुदी

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा व निवासातील भेदभावास तो मनाई करतो. चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती आवश्यक असून बाधित व्यक्तीची स्थिती उघड करण्यावर निर्बंध आहेत. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्यास ३ महिने ते २ वर्षे कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मर्यादा

एकट्याने पाहिलेल्या सकारात्मक निकालाचा धक्का तीव्र असू शकतो. त्यामुळे समुपदेशनाची सोय नसताना केवळ संच वाटणे पुरेसे ठरत नाही. जोडीदारावर किंवा नोकरीच्या उमेदवारावर चाचणीची सक्ती होण्याचा धोकाही असतो. १८ वर्षांखालील व्यक्तींच्या चाचणीसाठी पालकांची संमती लागते. या अटीमुळे घरी सांगू न शकणारे किशोर सेवेपासून दूर राहतात. एका दिवसाच्या फेरीने दृष्टिकोन बदलत नाही. वर्षभर चालणारा संवाद आणि बाधितांशी प्रत्यक्ष परिचय अधिक उपयुक्त ठरतात.

हेही पहा

एड्स
जागतिक एड्स दिन
राष्ट्रीय सेवा योजना
मुळशी तालुका