आधी वर्गणी, मग खेळ

मंडळी, आजचा विषय वाचून घरातले काही जण हसणार हे मला ठाऊक आहे. जन्मभर पोरांकडून सनावळ्या पाठ करून घेतलेल्या मास्तरने व्हिडिओ गेमवर लिहायचं म्हणजे.. पण इतिहास काही फक्त पानिपतचा नसतो. गेल्या पंधरा वर्षांतल्या गोष्टींनाही सनावळ्या असतात.

निमित्त झालं ते पुतण्याच्या मुलाचं. साठवलेल्या खाऊच्या पैशातले दोन हजार रुपये त्याला एका गेमसाठी द्यायचे होते. तो गेम अजून तयारच झालेला नव्हता! त्याच्या आईचा मला फोन, "काका, ही फसवणूक तर नाही ना?" मी म्हटलं, आधी माहिती काढतो, मग सांगतो. त्या माहितीतून हा लेख झाला.

आधी पैसे गोळा करायचे आणि मग वस्तू घडवायची, ही रीत आपल्याला नवी नाही. पुस्तकांची प्रकाशनपूर्व नोंदणी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केली आहे. अमेरिकेत १८८५ साली स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा जोसेफ पुलित्झरने आपल्या वर्तमानपत्रातून हाक दिली आणि लाखाहून जास्त लोकांनी मिळून लाखाहून जास्त डॉलर जमवले. पुष्कळांनी तर एक डॉलरही दिला नव्हता. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरने हीच वर्गणी इंटरनेटवर आणली. नियम सरळ आहे. किती रक्कम हवी आणि किती दिवसांत ते आधी सांगायचं. तेवढी जमली तर मिळेल, नाहीतर कोणाच्याच खिशातून काही जाणार नाही.

गेमच्या बाबतीत खरा स्फोट झाला तो फेब्रुवारी २०१२ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोचा टिम शेफर हा या क्षेत्रातला जुना जाणता माणूस. गोष्ट उलगडत कोडी सोडवायची, अशा जुन्या धाटणीच्या गेमवर पैसा लावायला तेव्हा मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या. त्याने लोकांकडे चार लाख डॉलर मागितले. एका दिवसात दहा लाख जमले! शेवटी ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाखांवर डॉलर दिले. आणि पुढे काय झालं असेल? पैसे पुरले नाहीत. भांडवल वाढलं तशी स्वप्नंही वाढली. गेमचे दोन भाग करावे लागले, पहिला जानेवारी २०१४ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. ज्यांनी घर बांधलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग रांगच लागली. इंग्लंडच्या पीटर मॉलिन्यूने २०१२ मध्येच 'गॉडस' नावाच्या गेमसाठी सव्वापाच लाखांहून जास्त पौंड जमवले. तो गेम कधी पुरा झालाच नाही, आणि २०२३ मध्ये विक्रीतूनही काढला गेला. जपानच्या केइजी इनाफुनेला २०१३ मध्ये ६७ हजार लोकांनी ३८ लाख डॉलर दिले. तो गेम तारखा पुढे ढकलत ढकलत जून २०१६ मध्ये आला आणि बहुतेकांची निराशा करून गेला. दोघंही नामवंत बरं का. नाव बघून पैसे देणाऱ्यांचीच जास्त निराशा झाली असं माझं मत झालंय.

याच्या अगदी उलट गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची. ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलेन या दोघांनी २०१४ च्या अखेरीस 'हॉलो नाइट' नावाच्या गेमसाठी ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. किड्यांच्या एका जमिनीखालच्या उजाड राज्यात फिरणाऱ्या छोट्या योद्ध्याची ती गोष्ट. हाताने काढलेली चित्रं, मंद उदास रंग. (मी चित्रफीत पाहिली. खेळ समजला नाही, पण चित्रं पाहत राहावीशी वाटली.) २,१५८ लोकांनी मिळून ५७,१३८ डॉलर दिले. माणशी साडेसव्वीस डॉलर पडतात. एवढ्यावर दोघातिघांनी काम करून फेब्रुवारी २०१७ मध्ये गेम आणला, आणि पुढे त्याच्या दीड कोटींवर प्रती खपल्या.

पण मला भावली ती पुढची गोष्ट. ठरल्यापेक्षा जास्त वर्गणी जमली तर हॉर्नेट नावाचं आणखी एक पात्र खेळायला देऊ, असा त्यांनी शब्द दिला होता. ते पात्र करता करता काम इतकं वाढलं की त्याचा स्वतंत्र गेमच झाला, 'सिल्कसाँग'. २०१९ मध्ये जाहीर झाला आणि आला ४ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे शब्द दिल्यापासून जवळजवळ अकरा वर्षांनी. पहिल्या गेमच्या वर्गणीदारांना हा गेम वेगळे पैसे न घेता देऊ, असं त्यांनी २०१९ मध्येच सांगून ठेवलं होतं. लोक वाट बघून थकले, चिडले, थट्टा केली. शब्द मात्र पुरा झाला.

टोबी फॉक्स या तरुणाने २०१३ मध्ये 'अंडरटेल' साठी फक्त पाच हजार डॉलर मागितले आणि ५१ हजार मिळाले. त्याने पैसे मागण्याआधी गेमचा सुरुवातीचा भाग फुकट खेळायला दिला होता. आमच्या सुनेला मी हेच सांगितलं. पोराला म्हणावं, नमुना खेळून बघायला मिळतो का ते आधी बघ. किती माणसं काम करतायत आणि मागितलेल्या पैशात त्यांचं कितीसं भागेल याचं गणित कर. आणि हे दुकान नाही, दिलेली वर्गणी आहे, हे समजून दे.

आता आपल्याकडचं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०१७ मध्ये 'राजी' साठी किकस्टार्टरवर मदत मागितली. सर्कशीत कसरती करणारी राजी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. विष्णू आणि दुर्गा ती गोष्ट सांगतात. मागे राजस्थानी महाल आणि पहाडी शैलीची चित्रं. ठरलेली रक्कम जमली नाही, म्हणजे नियमाप्रमाणे हातात शून्य. काम चालू राहावं म्हणून संस्थापकांपैकी एक, श्रुती घोष, यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. इथे मी वाचताना थांबलो. पुण्यात फ्लॅट विकणं म्हणजे काय हे आपल्यापैकी सगळ्यांना कळतं. पुढे एपिक कंपनीचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' आला. त्या वर्षीच्या 'द गेम ॲवॉर्ड्स' मध्ये पदार्पणातल्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकनही होतं.

या गेमला आता वर्गणी नको, तो सरळ विकत मिळतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी खेळायचं यंत्र आणि दहाबारा वर्षांची मुलं आहेत त्यांनी तो घेऊन बघावा, आणि गोलू सापडतो का ते मला कळवावं. माझ्याच्याने ती बटणं दाबणं होत नाही.