एक तडा आणि 'पांढरे वाघ'

'विक्रांत' हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिच्या डेकवरून झेपावणाऱ्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे, 'पांढऱ्या वाघां'चे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. नौदलाच्या विमानदळाविषयी मिळेल ते वाचत असताना माझे मत असे बनले, की या तुकडीचा इतिहास जितका वैमानिकांचा आहे, तितकाच जहाजाच्या पोटातील बॉयलरांचा आहे.

ही तुकडी ७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधील ब्रॉडीच्या तळावर उभी राहिली. विमाने होती सी हॉक. एका वैमानिकाची, एका जेट इंजिनाची, बॉम्ब आणि रॉकेट वाहणारी. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट तहिलियानी यांनी 'विक्रांत'च्या डेकवर पहिले जेट उतरवले. पुढे तेच नौदलप्रमुख झाले.

१९६५चे युद्ध आले तेव्हा 'विक्रांत' मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती. ती बुडवल्याच्या वावड्या पाकिस्तानात उठल्या, आणि इकडे वैमानिकांच्या पायाखाली डेकच नव्हता. ही रुखरुख सहा वर्षे टिकली.

आणि १९७१ साली पुन्हा तेच होण्याची चिन्हे दिसू लागली. 'विक्रांत'च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता. याचा अर्थ समजून घ्यायला हवा. जहाज वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वेगाने धावते, तेव्हा तो वेग विमानाच्या पंखांना आयता मिळतो. उरलेला धक्का कॅटापल्ट देते, आणि तेही वाफेवरच चालते. म्हणजे जहाज हाकणारी आणि विमान फेकणारी वाफ एकाच घरची. वाफ कमी पडली आणि वाराही पडलेला असला, तर विमानाला बॉम्बचा भार कमी घेऊन उडावे लागते.

जहाज बंदरात ठेवणे सुरक्षित होते. पण नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी जोखीम पत्करली आणि 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बझारच्या धावपट्टीवर हल्ला केला, मग चितगाव बंदरावर. पुढचे दिवस खुलना, मोंगला येथील नौका आणि धक्के त्यांचे लक्ष्य होते. समुद्रमार्गे पळण्याची वाट बंद झाली. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता आणि जहाजाचे कॅप्टन स्वराज प्रकाश, दोघांनाही महावीरचक्र मिळाले. तडा गेलेल्या यंत्रणेवर जहाज चालते ठेवणाऱ्या खालच्या माणसांची नावे आपल्या कथनात क्वचितच येतात.

डिसेंबर १९८३मध्ये गोव्यातील दाभोळी तळावर सी हॅरियर उतरली. त्यांना कॅटापल्ट लागत नव्हते. 'विक्रांत'च्या डेकवर पुढे त्यांच्यासाठी चढण बांधली गेली. मे २०१६मध्ये सी हॅरियर निवृत्त झाली आणि 'पांढऱ्या वाघां'कडे मिग-२९के आली.

'विक्रांत' १९९७मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४मध्ये भंगारात गेली. सी हॉक मात्र दाभोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात आजही पाहता येते. तिथे गेलात तर विमान डोळे भरून पाहा. पण त्याला आकाशात फेकणारी वाफ कोणी, कशी जमवली, हा प्रश्नही सोबत न्या.