वेबअसेंब्ली आज्ञावलींचे आवेष्टन

एकदा तयार केलेली आज्ञावली कोणत्याही संगणकावर चालावी, यासाठी ती एका फाइलीत बांधण्याची पद्धती. बारामतीचा लोहमार्ग अरुंदमापी असताना दौंड (जि. पुणे) येथे माल दुसऱ्या डब्यात भरावा लागे, तशीच संगणकाची जात बदलली की आज्ञावली नव्याने भाषांतरित करावी लागते. वेबअसेंब्लीत (२०१५) ती एका काल्पनिक यंत्राच्या आज्ञांत लिहिली जाते. ही पद्धती ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस ठरली. ब्राउझरबाहेरील वापरासाठी त्याच वर्षी ‘वासी’ हा संपर्कसंच जाहीर झाला. २०२० मध्ये जस्टिन टनी यांनी लिनक्स, विंडोज व मॅकओएसवर चालणारी एकच फाइल सिद्ध केली. अशा फाइलीत आज्ञावलीबरोबर तिचा दुभाषकही बांधता येतो. मात्र त्यामुळे वेग घटतो. शिवाय दुभाषकातील दोष पुढे दुरुस्त झाला, तरी आधी वाटलेल्या प्रतींत तो तसाच राहतो.