एंटर दाबलं आणि उत्तर गेलं

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक तक्रार आली. ऑनलाइन कोर्समध्ये उत्तर टाइप करून एंटर दाबलं तर काहीच होत नाही, माउसने ‘सबमिट’ शोधावं लागतं. मी दहा मिनिटांत कोड लिहिला: एंटर दाबलं की उत्तर रवाना. आठवड्याभरात उलटी तक्रार. दीर्घोत्तरी प्रश्नात कुणीतरी परिच्छेद पाडायला एंटर दाबलं आणि अर्धंच उत्तर तपासायला गेलं. प्रयत्न एकच होता. गुण शून्य.

चूक माझीच. पण या कळीच्या घराण्यात हा घोळ जुना आहे.

टाइपरायटरवर ओळ संपली की दांडी ढकलून कागदाची गाडी परत सुरुवातीला आणावी लागे. विजेच्या यंत्रांवर हे काम एका कळीकडे आलं, तिचं नाव ‘रिटर्न’. टेलिप्रिंटरला त्यासाठी दोन संकेत लागत: एक कडेला परतायला, दुसरा कागद एक ओळ सरकवायला. विंडोजच्या टेक्स्ट फाइलीत ती जोडी अजून नांदते. युनिक्सने एकावर भागवलं.

‘एंटर’चं कुळ वेगळं. १९७१ साली आलेल्या आयबीएम ३२७० टर्मिनलवर माणूस पडद्यावरचा फॉर्म निवांत भरायचा, खोडायचा. मेनफ्रेमला तोवर पत्ताच नसे. एंटर दाबलं की भरलेला मजकूर एकदम जाई. म्हणजे ‘माझं झालं, आता तू बघ’. पुढे १९८१च्या आयबीएम पीसीवर दोन्ही कामं एकाच कळीत आली: वर चित्र गाडी परतल्याचं, वळलेला बाण, नाव मात्र एंटर.

मला हेवा वाटतो तो ‘प्लेटो’चा. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६०मध्ये सुरू केलेली ही संगणकावर शिकवण्याची यंत्रणा. सत्तरच्या दशकातल्या तिच्या टर्मिनलला नारिंगी प्लाझ्मा पडदा होता आणि कीबोर्डवर ‘नेक्स्ट’ नावाची कळ. विद्यार्थी पडद्यावरच्या बाणापाशी उत्तर लिहायचा, नेक्स्ट दाबायचा, आणि उत्तराशेजारी ‘ओके’ किंवा ‘नो’ उमटायचं. ‘नो’ आलं तर खोडून पुन्हा लिहायचं. कळीच्या नावातच तिचं काम होतं.

वेबने तडजोड केली. १९९५च्या एचटीएमएल २.० मध्ये नियम आहे: फॉर्ममध्ये एकच एकओळी चौकट असेल, तर एंटर म्हणजे सबमिट. मोठ्या चौकटीत एंटर नवी ओळच पाडतो. शहाणा नियम होता. मी दोन्ही चौकटींना एकच कोड चिकटवून तो मोडला होता.

आणि मराठीत टाइप करून बघायचं तर मला सुचलंच नव्हतं! रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना सुचवलेला शब्द निवडायलाही अनेकजण एंटरच दाबतात. शब्द अजून घडतोय, हे ब्राउझर ‘इज-कंपोझिंग’ या खुणेने सांगतो. माझ्या कोडने विचारलंच नाही. ‘महाराष्ट्र’ निवडलं, की उत्तर गेलं.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. लहान चौकटीत एंटर, मोठीत फक्त बटण, शब्द घडत असेल तर थांबायचं. त्या विद्यार्थ्याचा प्रयत्न पुन्हा उघडायला मात्र तीन दिवस लागले. त्यासाठी कागदावर सही हवी होती.