डुकराच्या पेशीचं खरं दार कुठलं?



मी आयोवात राहतो. राज्यात माणसं सुमारे ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींहून जास्त! त्यामुळे इथे 'पर्स' म्हटलं की पाकिटाआधी रोग आठवतो. डुकरांच्या प्रजननाला आणि श्वसनाला ग्रासणारा हा रोग. आद्याक्षरांनी पीआरआरएस, बोलताना 'पर्स'. माणसाला तो होत नाही. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतलं नुकसान वर्षाला ६६ कोटी ४० लाख डॉलर्स काढलं होतं. त्याच वर्षी तो आपल्या मिझोराममध्येही पोचला.

सुरुवात १९८७ च्या सुमाराची. अमेरिकेतल्या कळपांत डुकरिणी अचानक गाभ टाकू लागल्या. पिल्लं मेलेली किंवा मरतुकडी जन्मत, जगली तर न्युमोनियाने धापा टाकत. कारण कुणाला कळेना, म्हणून नावच पडलं 'मिस्टरी डिसीज'. १९९१ साली नेदरलँड्समधल्या लेलीस्टाड इथे वेन्सवोर्ट आणि सहकाऱ्यांनी विषाणू पकडला. तो वाढला डुकराच्या फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींत. गंमत बघा, या पेशींचं कामच मुळी जंतू गिळून टाकायचं! म्हणजे चोर थेट पोलीस चौकीतच राहायला आला.

आता प्रश्न असा की तो नेमक्या याच पेशींत का आणि कसा शिरतो? बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात यावर बरंच काम झालं. १९९८ साली तिथल्या गटाने मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन हेरलं. पुढे २००३ मध्ये ते सायलोअ‍ॅडहेसिन, म्हणजेच सीडी-१६९, असल्याचं दाखवलं. विषाणू त्याला चिकटतो आणि पेशी त्याला आत ओढून घेते. झालं, दार सापडलं असं बऱ्याच जणांना वाटलं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. प्रयोगशाळेत हा विषाणू मार्क-१४५ नावाच्या, माकडाच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या पेशींतही मजेत वाढे आणि त्यांच्यावर सीडी-१६९ नव्हतंच! २००७ साली कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी दुसरं प्रथिन पुढे आणलं, सीडी-१६३. एरवी विषाणूला दाद न देणाऱ्या पेशींत त्याचं जनुक घातल्याबरोबर त्या पेशींना लागण होऊ लागली.

वाड्याचं उदाहरण घ्या. विषाणू पडवीपर्यंत आला, म्हणजे पेशीने त्याला एका पिशवीत भरून आत घेतलं, तरी तो अजून बंदिस्तच असतो. पिशवीतून सुटून स्वतःचा आरएनए माजघरात सोडायला त्याला सीडी-१६३ लागतं. तेव्हा चिकटणं वेगळं, आत येणं वेगळं आणि घर ताब्यात घेणं आणखी वेगळं.

खरा निकाल लागला जिवंत डुकरांत. मिझुरी विद्यापीठातल्या प्रॅदर यांच्या गटाने आधी सीडी-१६९ नसलेली डुकरं तयार केली. २०१३ साली कळलं की ती इतर डुकरांसारखीच आजारी पडतात. मग याच गटाने सीडी-१६३ नसलेली डुकरं केली. डिसेंबर २०१५ मध्ये निष्कर्ष आले: लागण झालेल्यांच्या सोबत ठेवूनही त्यांच्या रक्तात विषाणू नाही, लक्षणं नाहीत, अँटिबॉडीजसुद्धा नाहीत!

पण सीडी-१६३ काही विषाणूसाठी बनलेलं नाही. रक्तपेशी फुटून सुटलेलं हिमोग्लोबिन गोळा करणं हे त्याचं काम. म्हणून एडिनबर्गच्या रॉझलिन इन्स्टिट्यूटने अख्खं प्रथिन न काढता विषाणूला लागणारा तेवढाच तुकडा काढला (२०१७). डुकरं ठणठणीत राहिली, आणि त्यांच्या मॅक्रोफेजना विषाणूची लागण होईना. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या एफडीएने पीआयसी कंपनीच्या अशा पर्स-प्रतिरोधक डुकरांना मंजुरी दिली.

लस १९९४ पासून आहे, पण विषाणू सारखं रूप बदलतो आणि ती पुरी पडत नाही. त्यामुळे मला हा मार्ग पटतो. मात्र एक शंका राहतेच: इतकं रूप बदलणारा विषाणू उद्या दुसरं दार शोधणार नाही कशावरून? कळपांवर बरीच वर्षं नजर ठेवावी लागेल.

आपल्यात जीवशास्त्रवाले आणि पोर्क खाणारे, दोन्ही आहेत. तुमच्या ताटात हे डुकराचं मांस आलं तर खाल का? जरूर लिहा.