तटस्थतेचे मोल

दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहान राज्याने काय करावे, हा प्रश्न सहसा परराष्ट्रनीतीचा मानला जातो. माझ्या मते तो आधी खजिन्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तम उदाहरण आम्हा बंगळूरकर मराठी माणसांच्या पायाखालीच आहे.

मी राहतो ते बोम्मसंद्रा होसूर रस्त्यावर, जुन्या पेठेपासून वीस-बावीस किलोमीटरवर. ती पेठ १६३८ मध्ये विजापूरकरांनी घेतली आणि पुढे शहाजीराजांना जहागीर म्हणून दिली. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरास स्थिरावल्यावर त्यांना दूरचे बंगळूर सांभाळणे जड जाऊ लागले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांस सौदा ठरला. तो पुरा होण्याआधीच, जुलै १६८७ मध्ये, मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेतले.

विजापूर आदल्याच वर्षी बुडाले होते. मराठ्यांच्या फौजांशी म्हैसूरची लढाई १६८२ च्या सुमारास होऊन गेली होती. आता मोगलांशीही वैर धरणे म्हणजे दोन्हीकडून चिरडले जाणे. चिक्कदेवराजांनी तलवार उपसली नाही. तीच रक्कम कासिमखानास मोजून शहर घेतले. दूरच्या ठाण्यात फौज अडकवण्यापेक्षा मोगलांनाही रोकड सोयीची होती. पुढे १७०० च्या सुमारास म्हैसूरचे वकील औरंगजेबाच्या दरबारी गेले. ते परतल्यावर मोगली धर्तीवर अठरा कचेऱ्या स्थापन झाल्या, असे परंपरा सांगते.

हे चातुर्य खरेच. परंतु तीन लाख आले कोठून? करवाढीविरुद्ध याच राजवटीत रयत उठली होती आणि तिचे बंड निर्दयपणे मोडण्यात आले. तटस्थतेचे बिल शेतकऱ्याने भरले, हे आपण विसरू नये.

खजिना आटला की तीच नीती कशी पंगू होते, हेही म्हैसूरनेच दाखविले. १७५७ मध्ये नानासाहेब पेशवे श्रीरंगपट्टणावर चालून आले, तेव्हा ठरलेल्या ३२ लाखांपैकी रोख पाचच लाख निघाले; बाकीसाठी तालुके गहाण पडले. पगार थकलेली फौज बिथरली. तिची देणी भागविता भागविता हैदर अली मोठा झाला आणि १७६१ मध्ये राज्याचा खरा धनी बनला.

लहान राज्याचे स्वातंत्र्य वकिलाच्या जिभेवर नव्हे, जमाखर्चाच्या वहीवर टिकते. आणि त्या वहीत जमेच्या बाजूला रयतेचा घाम असतो. लहान राष्ट्रांच्या कसरतीचे कौतुक करताना जमेची ती बाजू अवश्य वाचावी.