जिनाचा धूर गेला कुठे?

वऱ्हाडातल्या जुन्या कापूसपेठांत फिरताना एखाद्या जिनाची विटांची चिमणी अजून उभी दिसते. वर पिंपळ उगवलेला, खाली इंजिनघराचे गुदाम झालेले. धूर केव्हा थांबला, हे गावात सांगतात. तो गेला कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या यादवीने (१८६१-६५) इथल्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेरा मागे टाकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तिने कापूस नेला आणि पुढे जिनांसाठी कोळसाही आणला. बॉयलर, वाफेचे इंजिन, त्याला जोडलेला लांबलचक शाफ्ट आणि प्रत्येक रेच्याला शाफ्टवरून पट्टा, अशी रचना. निम्मे रेचे बंद असले तरी शाफ्ट फिरायचाच. कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्सादेखील अशा इंजिनातून कामी येत नसे.

मध्ये ऑइल इंजिनांचा काळ येऊन गेला, मग विजेच्या मोटारी आल्या. १९६० च्या दशकात अकोला जिल्ह्यातच पारसला औष्णिक केंद्र चालू झाले. जिनाचा धूर असा पारसला गेला. पण जाताना कमी झाला. कारण वीजकेंद्रात कोळशातल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा तरी विजेत उतरतो. जिनवाल्याला कार्बनशी देणेघेणे नव्हते. त्याला बॉयलरची कटकट नको होती, एवढेच.

फिरवण्याच्या कामाला हा हिशेब जुळतो. तापवण्याच्या कामाला तोच उलटतो, आणि आजच्या चर्चेत नेमके हेच निसटते. कापड रंगवायला गरम पाणी, वाफ लागते. चांगला बॉयलर कोळशातली तीन-चतुर्थांश उष्णता थेट वाफेला देतो. त्याच कोळशाची आधी वीज करून तिच्यावर पाणी तापवले, तर कोळसा दुपटीहून जास्त जळतो. उष्णता-पंप मात्र एका युनिटात दोन-तीन युनिटांची उष्णता आणून देतो. गरम पाण्यापुरता तो आजही परवडावा. कडक वाफेसाठी वीजच सूर्याची हवी.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडाचे कारखाने आहेत आणि १३५० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्रही. तिथल्याच पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. तिथे येणाऱ्या कारखान्यांत बॉयलर कोणते बसतात, हे मी वहीत टिपून ठेवणार आहे.